'फ्रेंच करतोय' म्हणजे नक्की कुठलं फ्रेंच?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या करिअर पुरवणीत परदेशी भाषांवर अर्धं पान होतं, त्यात जर्मन, जपानी आणि फ्रेंच अशा तीन चौकटी, आणि फ्रेंचच्या चौकटीत कॅनडा आणि फ्रान्सला जायला फ्रेंच उपयोगी पडतं, त्यासाठी डेल्फ किंवा तत्सम परीक्षा द्यावी, एवढंच लिहून विषय संपवला होता. मी मूळची सातारची, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकले, आता कॅनडात क्वेबेक प्रांतात मॉन्ट्रियलला असते आणि आठवड्यातून काही संध्याकाळी महाराष्ट्रातल्या मुलामुलींना ऑनलाइन फ्रेंच शिकवते, त्यामुळे ते "तत्सम" वाचून राहवलं नाही. पत्र लांबणार आहे, कुठेही कात्री लावा, पण परीक्षांच्या नावांचा भाग तेवढा ठेवा प्लीज.

आपल्याकडे "फ्रेंच करतोय" एवढ्या दोन शब्दांत सगळ्यांचं भागतं. अकरावीला मार्कांसाठी फ्रेंच घेतलेली मुलगी फ्रेंच करते, कॅनडाची फाईल लावणारा आयटीवाला फ्रेंच करतो, फ्रान्सच्या लिआँला मास्टर्सला निघालेला फ्रेंच करतो, हिंजवडीत फ्रेंच प्रोसेसला (फ्रेंच ग्राहकांची कामं करणाऱ्या कंपनीत) लागायचंय तीही फ्रेंच करते, आणि तिकडे कॅनडात मिसिसागाला नात पहिलीपासून फ्रेंच शाळेत आहे म्हणून आजोबा कट्ट्यावर सांगतात की आमच्याकडे आता सगळे फ्रेंच करतात. फ्रेंच बोलणाऱ्या देशांमध्ये या प्रत्येक प्रकाराला वेगळं नाव आहे, पुस्तक वेगळं, शिक्षकाचं ट्रेनिंग वेगळं, परीक्षा वेगळी, आणि एकीकडे केलेली मेहनत दुसरीकडे आपोआप धरली जात नाही. ही नावं फक्त प्राध्यापकांच्या कामाची असती तर मी कशाला पत्र लिहिलं असतं, पण त्या नावांच्या घोळात लोकांचे पैसे जातायत आणि वयसुद्धा, कारण कॅनडात कायम राहायला निवडताना जे पॉइंट देतात त्यात वयाचे गुण तिशीपासून दरवर्षी कमी होत जातात.

तर आधी परीक्षांचंच सांगते. डेल्फ आणि त्याच्या वरचा डाल्फ हे डिप्लोमा आहेत, फ्रान्सच्या शिक्षण खात्याचे, १९८५ पासूनचे. पॅरिसजवळ सेव्हर् म्हणून गाव आहे तिथल्या फ्रान्स एज्युकेशन इंटरनॅशनल या सरकारी संस्थेकडे त्यांचं काम असतं. डेल्फ ए१ ते बी२, डाल्फ सी१ आणि सी२ (ही युरोपची भाषेची पट्टी, ए१ सगळ्यात खालची लेव्हल, सी२ सगळ्यात वरची). सी२ सोडून बाकी सगळ्यांत ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं प्रत्येकी २५ मार्कांचं, शंभरात ५० पाहिजेत आणि एकाही भागात ५ च्या खाली जायचं नाही. एकदा पास झालात की तो कागद आयुष्यभराचा. टीसीएफ आणि टेफ हे डिप्लोमा नाहीत, त्या टेस्ट आहेत, त्यात पास-नापास भानगडच नसते, त्या दिवशी तुमची लेव्हल काय एवढं सांगतात आणि कॅनडाच्या इमिग्रेशनसाठी तो रिझल्ट दोनच वर्षं चालतो. टीसीएफ त्याच सेव्हरच्या संस्थेची, टेफ पॅरिसच्या चेंबर ऑफ कॉमर्सची. त्यातही नुसती टीसीएफ वेगळी, टीसीएफ कॅनडा वेगळी आणि टीसीएफ क्वेबेक आणखी वेगळी, म्हणजे घर एक पण चुली तीन.

आता गंमत बघा, गंमत कसली, वैतागच. कॅनडाच्या केंद्र सरकारच्या एक्सप्रेस एन्ट्रीला (म्हणजे पॉइंटवर होणाऱ्या त्या निवडीला) टीसीएफ कॅनडा आणि टेफ कॅनडा या दोनच चालतात, डेल्फ चालत नाही, बी२ असो नाहीतर डाल्फ सी२. क्वेबेक या फ्रेंच बोलणाऱ्या प्रांताच्या स्वतःच्या निवडीत मात्र डेल्फ-डाल्फ धरतात. माझ्या नात्यातल्या एका मुलाने नोकरी सांभाळून शनिवार-रविवार क्लास केला, डेल्फ बी१ चांगल्या मार्कांनी काढली, पेढे वाटले, आणि मग फाईल भरायला बसल्यावर कळलं की हा कागद तिथे जोडायला जागाच नाही. क्लासवाल्यांना विचारलं तर म्हणाले आम्ही फ्रेंच शिकवतो, इमिग्रेशन नाही. तसं बघितलं तर बरोबर, पण ॲडमिशन घेताना त्यांच्याच भिंतीवर मेपलच्या पानाचा कॅनडाचा झेंडा होता त्याचं काय?

आणि लेव्हलचं पण कुणी धड सांगत नाही. कॅनडा फ्रेंचसाठी एनसीएलसी नावाची स्वतःची पट्टी वापरतो, त्यात चारही भागांत ७ लागतो, तरच फ्रेंचवाल्यांच्या वेगळ्या ड्रॉमध्ये नाव जातं (ड्रॉ म्हणजे ठराविक पॉइंटच्या वरच्यांना बोलावणं पाठवायची फेरी). तीन भागांत ९ आणि लिहिण्यात ६ आले तर त्या ड्रॉपुरतं सगळं बाद. एनसीएलसी ७ म्हणजे साधारण युरोपच्या पट्टीवरचं बी२, आणि शून्यापासून बी२ म्हणजे शिकवणाऱ्यांच्या अंदाजाने पाचसहाशे तास. "तीन महिन्यांत कॅनडा फ्रेंच" अशा रील्स फिरतात त्यांनी हा हिशोब करून बघावा, रोजचे सहा तास होतात, रविवार धरून. लोक तरी मागे का लागलेत ते समजण्यासारखं आहे. हे फ्रेंचचे वेगळे ड्रॉ २०२३ मध्ये सुरू झाले, फेब्रुवारी २०२४ मध्ये एका ड्रॉचा कटऑफ ३३६ पर्यंत खाली आला होता, त्याच वर्षी साधे ड्रॉ ५०० च्या वर चालले होते. शिवाय चारही भागांत ७ आणि बरोबर बरं इंग्रजी असेल तर ५० जादा पॉइंट. म्हणजे भाव आहेच, नाकारण्यात अर्थ नाही.

पण या सगळ्यातली खरी मजा अशी की हे ड्रॉ क्वेबेकसाठी नाहीतच! एक्सप्रेस एन्ट्रीने येणाऱ्याने क्वेबेकच्या बाहेर राहायचं असतं, कारण क्वेबेक आपली माणसं आपण निवडतो. केंद्र सरकारला बाकीच्या प्रांतांतली फ्रेंच वस्ती टिकवायची आहे, २०२५ साठी क्वेबेकबाहेरच्या इमिग्रंट्समध्ये ८.५ टक्के फ्रेंच बोलणारे हवेत असं त्यांचं टार्गेट होतं. त्यामुळे पुण्याचा मुलगा जीव तोडून फ्रेंच शिकतो आणि ऑन्टारिओ प्रांतातल्या ब्रॅम्प्टनला उतरतो, तिथे त्याच्याशी पंजाबीत बोलणारे भेटतात, फ्रेंचमध्ये क्वचितच कोणी. मला यात काही गैर वाटत नाही, नियम सरकारने केलेत, मुलं ते पाळतायत. मात्र या शिकण्याला नाव द्यायचं तर "टेस्टचं फ्रेंच" म्हणा. टेफच्या बोलण्यात दोन भाग असतात, एकात जाहिरात वाचून फोनवर प्रश्न विचारायचे, दुसऱ्यात मित्राला कुठली तरी गोष्ट पटवायची, आणि आता मुलं दोन्हीचे साचे पाठ करून येतात. माझ्याकडे एक मुलगी आली होती, जिमच्या जाहिरातीवर ती धडाधड प्रश्न विचारायची, मी मध्येच विचारलं की आज जेवलीस काय, तर गप्प. साच्यात ते नव्हतं ना.

आता त्या नावांकडे येते. फ्रान्समध्ये फ्रेंच शिकवणाऱ्यांच्या जगात एफएलई हा शब्द पदोपदी येतो, फ्राँसे लाँग एत्रांजेर, म्हणजे परकी भाषा म्हणून फ्रेंच. आलियाँस फ्राँसेज मुंबईत आहे, पुण्यात आहे, तिथे जे शिकवतात ते हे. ज्याच्या घरात, गल्लीत, बसमध्ये फ्रेंच कानावर पडत नाही, वर्गातून बाहेर पडलं की भाषा संपली, अशांसाठी. त्याच्या शेजारी एफएलएस, लाँग सगोंद, दुसरी भाषा. घरात वेगळी भाषा पण शाळा, कचेरी, कोर्ट फ्रेंचमध्ये, अशी परिस्थिती असते तेव्हा हे. सेनेगल किंवा आयव्हरी कोस्टमधलं मूल घरी वोलोफ नाहीतर ज्युला बोलतं आणि शाळेत गणित फ्रेंचमध्ये शिकतं, त्याला फ्रेंच परकी कशी म्हणणार, आणि मातृभाषा तरी कशी म्हणणार? तिसरं लाँग मातेर्नेल, ते तर कळलंच. शिवाय एफओएस म्हणून एक आहे, ठराविक कामापुरतं फ्रेंच, नर्सला पेशंटशी बोलायला, हॉटेलवाल्याला बुकिंग घ्यायला. आपल्याकडच्या फ्रेंच प्रोसेसवाल्या मंडळींनी हेच शिकायला हवं, पण त्यांनाही क्लासमध्ये आयफेल टॉवरवर निबंध लिहायला लावतात. पॅरिसच्या त्याच चेंबर ऑफ कॉमर्सचे व्यावसायिक फ्रेंचचे वेगळे डिप्लोमा आहेत हे कितीजणांना माहीत असतं?

क्वेबेकच्या शाळेत तर विषयाच्या नावातच हा फरक छापलेला आहे. फ्रेंच शाळेत मुलाच्या प्रगतिपुस्तकात "फ्राँसे, लाँग दाँसेन्यमाँ" असतं, म्हणजे ज्या भाषेतून शिकवतात ती, आणि इंग्रजी शाळेत "फ्राँसे, लाँग सगोंद". १९७७ चा भाषेचा कायदा आहे, सगळे त्याला बिल १०१ म्हणतात, त्यामुळे बाहेरून कायमचे राहायला आलेल्यांच्या मुलांना साधारणपणे फ्रेंच शाळेतच जावं लागतं. आपल्या मराठी घरातलं आठ वर्षांचं मूल आलं, फ्रेंचचा गंध नाही, तर त्याला आधी क्लास दाकय म्हणजे स्वागत वर्गात बसवतात. तिथे त्याच्यासारखीच कुणी सिरियाची, कुणी कोलंबियाची, कुणी चीनची मुलं, एकमेकांशी बोलायला समान भाषा फक्त तोडकंमोडकं फ्रेंच, आणि नेमकं त्यामुळेच ती झपाट्याने शिकतात. आईबाप सहा महिन्यांनी "घरी मराठीत उत्तर देत नाही हो" म्हणून रडायला लागतात तो विषय वेगळा. फ्रान्समध्ये अशा मुलांना २०१२ पासून सरकारी भाषेत "आलोफोन" म्हणतात, इतर भाषा बोलणारे. त्याआधी "नुकतेच आलेले" अशा अर्थाचे शब्द होते, त्यात मुलाचं असं काहीच नव्हतं, नुसतं तारखेवरून ओळखायचं. आलोफोन म्हटलं की निदान हे तरी मान्य होतं की याच्याकडे आधीची एक भाषा आहे. क्वेबेकमध्ये पण हा शब्द वापरतात पण अर्थ जरा सरकलेला, मातृभाषा फ्रेंचही नाही आणि इंग्रजीही नाही तो आलोफोन. म्हणजे मी.

मोठ्यांसाठी इथला शब्द आहे फ्रांसिझास्यों. मराठीत सरळ फ्रेंचीकरण. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कसंसंच झालं होतं, म्हणजे मला शिकवणार आहेत की माझं काहीतरी करणार आहेत? पण वर्गात गेलात तर तिथे साहित्य-बिहित्य काही नसतं, घरभाड्याचा करार कसा वाचायचा (इथे बहुतेक करार ३० जूनला संपतात आणि १ जुलैला अर्धं शहर सामान हलवत असतं), डॉक्टरची अपॉइंटमेंट, मुलाच्या शाळेतून आलेली चिठ्ठी, बर्फ पडल्यावर गाडी कुठल्या बाजूला लावायची. फुकट असतं. १ जून २०२३ पासून फ्रांसिझास्यों क्वेबेक नावाची एकच खिडकी केली, आणि त्याच दिवसापासून नियम आला की नव्याने आलेल्याशी पहिले सहा महिने गेले की सरकारी कचेऱ्या काही अपवाद सोडून फ्रेंचमध्येच बोलणार. म्हणजे शिका म्हणून सांगायचं आणि २०२४ मध्ये पैसे पुरत नाहीत म्हणून कित्येक ठिकाणचे वर्ग बंद करायचे, असा कारभार. आपल्याकडच्यासारखंच आहे सगळं, फक्त थंडी जास्त.

ऑन्टारिओत गेलात तर शब्द परत बदलतात. तिथे कोर फ्रेंच, एक्स्टेंडेड फ्रेंच आणि फ्रेंच इमर्शन असे तीन प्रकार आहेत, आणि टोरांटो-मिसिसागाकडच्या मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर इमर्शनमध्ये घालायचं का यावर जेवढा वाद होतो तेवढा गणपतीच्या वर्गणीवरही होत नसेल. इमर्शनची सुरुवात १९६५ मध्ये मॉन्ट्रियलजवळच्या सँ-लाँबेरला झाली, तिथल्या इंग्रजी आईबापांनीच शाळेच्या मागे लागून ती करवून घेतली. कल्पना अशी की फ्रेंच हा विषय ठेवायचा नाही, फ्रेंचमधून बाकीचे विषय शिकवायचे. ऑन्टारिओच्या अभ्यासक्रमात तासच दिलेत, आठवी संपेपर्यंत कोरवाल्याचे (फ्रेंच नुसता एक विषय) ६०० तास, एक्स्टेंडेडचे १२६०, इमर्शनचे ३८००. आता हे तिघेही आजीला फोनवर सांगणार की मी शाळेत फ्रेंच शिकतो. ६०० आणि ३८००! सहापट फरक, शब्द एकच.

हा आकडा बघून मला आपली अकरावी-बारावी आठवते. मी फ्रेंच शिकवून पोट भरते त्यामुळे फ्रेंच घेऊ नका असं मी कशाला म्हणेन, घ्या, जरूर घ्या. पण ज्युनियर कॉलेजमध्ये मराठी सोडून फ्रेंच घेण्याचं कारण ९९ टक्के घरांत "स्कोअरिंग आहे" हेच असतं आणि ते आपण मोकळेपणाने बोलतही असतो. ९५ मार्क मिळालेली मुलं माझ्याकडे येतात आणि मी टेस्ट घेतली की ए१ च्या आसपास निघतात, कधी ए२. मुलांचा दोष अजिबात नाही, त्यांनी विचारलं तेवढं लिहिलं, धातू चालवले, गाळलेल्या जागा भरल्या, पॅसेज इंग्रजीत भाषांतर केले. पण मार्कशीटवर "फ्रेंच ९५" बघून त्यांचे आईवडील समजतात की आता बी२ म्हणजे थोडीशी तयारी. मग मी सांगितलं की अजून चारएकशे तास आहेत, तर चेहरा असा होतो की जणू मीच फसवतेय. बोर्डाने मार्कांशेजारी युरोपच्या पट्टीवरची लेव्हल छापली तर निम्मे गैरसमज तिथेच संपतील, हे मी शिक्षण खात्यालाही लिहायचा विचार करतेय.

आणि दुसरी गोष्ट, ही माझी जुनी खदखद आहे, आपल्याकडे फ्रेंच इंग्रजीमार्गे शिकवतात. मराठी मुलाला मराठीतून फ्रेंच समजावणारं फार कमी भेटतं, आणि त्यात आपलंच नुकसान. इंग्रजीत एकच "यू", मग त्यू आणि व्हू यातला फरक शिकवायला अर्धा तास आणि एक तक्ता, तेच मराठीत "तू आणि तुम्ही" म्हटलं की पाच सेकंदांत संपलं. "मी तीन वर्षांपासून इथे राहतो" हे आपण वर्तमानकाळात म्हणतो, फ्रेंचही "दप्वी" लावून वर्तमानकाळातच म्हणतं, पण इंग्रजीतून शिकलेली पोरं उगाच हॅव बीन लिव्हिंग डोक्यात धरून भूतकाळ घालतात. एंपार्फे नावाच्या काळाला मुलं इतकी घाबरतात, तो म्हणजे आपलं "जायचो, खायचो, जात होतो, खात होतो". "सा म प्ले" म्हणजे शब्दाला शब्द "मला आवडतं". आणि सगळ्यात भारी म्हणजे ज्या नियमाला फ्रान्सची पोरंसुद्धा टरकतात तो. "मी लिहिलेलं पत्र" अशा वाक्यात कर्म आधी आलं की क्रियापदाच्या रूपाला कर्माचं लिंग लागतं, ला लेत्र क जे एक्रीत, शेवटी "त" ऐकू येतो कारण पत्र फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी. आपण काय वेगळं करतो? मुलाने आंबा खाल्ला, मुलाने पोळी खाल्ली. हे सांगितलं की वर्गात एकदम "अच्छाऽऽ" होतं. इंग्रजीत ही सोयच नाही. लिंगं जुळत नाहीत ते पाठच करावं लागतं, आपला चंद्र तो आणि त्यांची चांदोबाई ती, पण वस्तूला लिंग असतं यात मराठी माणसाला नवल वाटत नाही हीच मोठी गोष्ट. माझ्याकडे एक गोव्याचा मुलगा होता, कोंकणी बोलणारा, त्याला नाकातले स्वर शिकवावेच लागले नाहीत, पुणेकर अजून "बोन्जोर"वर अडकलेले.

कुठलं फ्रेंच हा प्रश्न त्याच्या पुढचा. आपल्या पुस्तकात सकाळी पती देजने, दुपारी देजने, रात्री दिने. मॉन्ट्रियलला सकाळीच देजने होतं, दुपारी दिने आणि रात्री सुपे, त्यामुळे कोणी दिनेला बोलावलं तर दुपारी बाराला जायचं असतं. बेल्जियम-स्वित्झर्लंडला सत्तरला सेप्ताँत आणि नव्वदला नोनाँत म्हणतात, फ्रान्ससारखी साठ-दहा आणि चार-वीस-दहा असली कसरत करत नाहीत. देपानर म्हणजे फ्रान्समध्ये गाडी बंद पडली तर येणारा मेकॅनिक, इथे कोपऱ्यावरचं छोटं दुकान. "त्यू व्हियँ-त्यू" म्हणजे येतोस का, यातला दुसरा त्यू म्हणजे "तू" नाहीच, तो नुसता प्रश्नार्थक "का" आहे, हे मला रानडेत कोणी सांगितलं नव्हतं आणि सांगण्याचं कारणही नव्हतं. दुकानात शिरलं की "बाँजूर-हाय" असं जोडून म्हणतात, तर २०१७ मध्ये इथल्या विधानसभेने एकमताने ठराव केला की दुकानदारांनी फक्त बाँजूर म्हणावं. दुकानदार अजून दोन्ही म्हणतात.

फ्रेंचलाच परकं-आपलं ही लेबलं कशी बदलत गेली तेही थोडं बघण्यासारखं आहे. १५३९ मध्ये राजा पहिला फ्राँस्वा याने विलेर-कॉतरेचं फर्मान काढून कोर्टाचे कागद लॅटिनऐवजी फ्रेंचमध्ये करायला लावले. पुढे अडीचशे वर्षांनी, क्रांती झाल्यावर, १७९४ मध्ये आबे ग्रेग्वार या पाद्र्याने संसदेला अहवाल दिला की सहा दशलक्ष लोकांना फ्रेंच मुळीच येत नाही आणि शुद्ध बोलणारे तीन दशलक्षांहून जास्त नसतील. फ्रान्सची लोकसंख्या तेव्हा साधारण अठ्ठावीस दशलक्ष. म्हणजे फ्रान्समध्येच बहुतेकांना फ्रेंच शिकावं लागलं, आणि पुढे शाळांमधून ब्रेतों ही तिथली स्थानिक भाषा बोलणाऱ्या पोरांच्या गळ्यात खूण अडकवून शिक्षा करत करत शिकवलं. अल्जेरियाचा लेखक कातेब यासिन फ्रेंचला युद्धात मिळालेली लूट म्हणायचा. मालीने २०२३ च्या नव्या घटनेत फ्रेंचचा राजभाषेचा दर्जा काढला आणि तिला नुसती कामकाजाची भाषा केली, तेरा स्थानिक भाषा वर आणल्या. आणि आपल्या पाँडिचेरीच्या १९५६ च्या करारात तर कलमच होतं की तिथले लोकप्रतिनिधी दुसरं काही ठरवत नाहीत तोवर फ्रेंच राजभाषा राहील. ३२ कोटी फ्रेंच बोलणारे असा आकडा सगळे छापतात, २०२२ चा आहे तो, फ्रँकोफोनी या फ्रेंच बोलणाऱ्या देशांच्या संघटनेचा, पण त्यात पॅरिसची आजी, काँगोतल्या किन्शासाचा रिक्षावाला आणि दुसरी भाषा म्हणून बोलणारे करोडो लोक एकत्र मोजलेत, हे चौकटीत एका ओळीत तरी यावं. जुन्या मराठी कागदांत फरासीस (फ्रेंच), इंग्रज, वलंदेज (डच) असा प्रत्येक टोपीवाला वेगळा लिहायचे, त्या मानाने आपण आता फारच ढिले झालोय.

फ्रान्सला जाणाऱ्यांसाठी पण परिस्थिती बदललीये आणि तुमच्या पुरवणीत त्याचा उल्लेख नव्हता. १ जानेवारी २०२६ पासून तिथे अनेक वर्षांचं राहण्याचं कार्ड पहिल्यांदा घेताना ए२ लागतं, दहा वर्षांच्या कार्डाला बी१ आणि नागरिकत्वाला बी२, पूर्वी नागरिकत्वाला बी१ पुरायचं. विद्यार्थ्यांचं कार्ड यात येत नाही, पण शिकून झाल्यावर नोकरी करत राहायचं ठरवलं की हे समोर येतं. जानेवारी २०२४ मध्ये मॅक्रॉन दिल्लीला आले तेव्हा २०३० पर्यंत ३० हजार भारतीय विद्यार्थी न्यायचे म्हणाले, आणि फ्रेंच न येणाऱ्यांना आधी भाषा शिकवायला वेगळे वर्ग काढू म्हणाले. इंग्रजीतून कोर्स आहे, फ्रेंचची गरज नाही, असं एजंट सांगतात ते ॲडमिशनपुरतं खरंच असतं. पुढे घरमालक, बँक आणि प्रीफेक्चरची (राहण्याचं कार्ड देणाऱ्या सरकारी कचेरीची) खिडकी इंग्रजीत बोलत नाही.

म्हणून विनंती एवढीच की पुढच्या वेळी फ्रेंचची चौकट केलीत तर त्यात क्लास कशासाठीचा, कुठल्या लेव्हलपर्यंतचा, साधारण किती तासांचा आणि शेवटी मिळणारा कागद कोण मान्य करतं, हे चार रकाने टाका. क्लासवाल्यांच्या जाहिराती तुमच्याकडेच येतात, त्यांनाही हे भरून द्यायला सांगता येईल, जे भरणार नाहीत त्यांच्याबद्दल वाचक काय तो अंदाज करतील. "तत्सम" हा शब्द मात्र नको.

ता. क. कॅनडासाठी टेफ द्यावी की टीसीएफ हा प्रश्न मला इतक्यांदा येतो की इथेच लिहून टाकते. दोन्ही चालतात, सरकारला फरक पडत नाही. टीसीएफ कॅनडात ऐकण्याचे ३९ प्रश्न ३५ मिनिटांत आणि वाचनाचे ३९ प्रश्न तासाभरात, प्रश्न सोप्यापासून अवघड होत जातात आणि लिहायला तीन छोटी कामं असतात. ज्यांना लांब लिहायचा कंटाळा आहे त्यांना ती बरी पडते, समोरच्याला बोलून गुंडाळता येतं त्यांना टेफ. मोठ्या शहरांत तारखा पटापट भरतात, तेव्हा फाईलची तारीख बघून आधी सीट बुक करा आणि मग कुठली सोपी यावर चर्चा करत बसा. बुक करताना नावापुढे "कॅनडा" लिहिलंय ना तेवढं बघा.

आपली,
एक जुनी वाचक
मॉन्ट्रियल (मूळ सातारा)